वारुळाच्या तोंडाची माती

नागपंचमीला आमच्याकडे मातीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, फावडं नाही. माय तर त्या दिवशी विळासुद्धा हातात घेत नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवते, आणि राहिलीच तर आम्ही वरणभातावर भागवतो. मी साकोलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मला या सगळ्याचं हसू यायचं. आता येत नाही. श्रद्धा बसली म्हणून नव्हे, हसायचं तोंडच राहिलं नाही म्हणून.

आमचं गाव सानगडीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. दोन वर्षांपूर्वीच्या नागपंचमीला पाऊस लागून होता. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपलेला. अकराच्या सुमारास बोडीखालच्या बांधीचा धुरा फुटला. बोडी म्हणजे आमचं छोटं तळं, बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि धुरा म्हणजे तिचा बांध. आठ दिवसांपूर्वी रोवलेलं धान पाण्याबरोबर निघालं तसे बाबा फावडं घेऊन निघाले. माय दारात आडवी उभी राहिली.

"आज नोको जी. आजच्या दिवस मातीले लोखंड लावू नोका."

"धान वाहून चाललं न तुले पंचमी सुचते," म्हणत बाबा तिच्या बाजूनं निघून गेले.

धुरा बांधून झाला. शेवटच्या ढेकळावर मारलेलं फावडं ओल्या हातातून निसटलं आणि उजव्या पायावर, अंगठ्याच्या मागं बसलं. दोन बोटांएवढी जखम. बाबांना दहा वर्षांपासून साखर आहे, पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळं दुखलं असं काही नाही. त्यांनी हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात.

मी दर शनिवारी घरी जाते. पण पंचमीनंतरचे दोन शनिवार कॉलेजच्या कामात गेले. तिसऱ्या शनिवारी गेले तेव्हा पाय सुजून टम्म झालेला, बोटं काळीनिळी, आणि खोलीत वास. फळीवर दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, दोन्ही अर्ध्या खाल्लेल्या. गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या. दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या. पुन्हा ठणकलं, दुसऱ्या आणल्या, त्याही सोडल्या. माझं डोकं फिरलं. मी बोलायला लागले की थांबत नाही, हा माझा जुना रोग आहे, आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

"साऱ्या जगाले शिकवते मी, का औषध अर्धवट सोडू नोका म्हणून! अन माह्याच घरात हे! तुमच्यासारख्या अडाणी लोकायमुळंच हे जंतू माजले!"

माय चुलीकडे तोंड करून बसली. बाबा एवढंच म्हणाले, "बोलू दे तिले. शिकलेली हाय ते."

हे वाक्य मला तेव्हा मोठेपणा दिल्यासारखं वाटलं होतं.

नागपूरला नेलं. हाडापर्यंत पू गेला होता. चार दिवसांनी जंतूंचा रिपोर्ट आला. अशा रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधापुढं एक अक्षर. एस असेल तर ते औषध चालतं, आर असेल तर जंतूला त्याचं काही वाटत नाही. मी दरवर्षी मुलांना असा कागद दाखवून प्रश्न विचारते. बाबांच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. शेवटाकडं तीन एस. त्यातली दोन औषधं शिरेतून द्यायची, आणि बाबांच्या किडन्या ती सोसतील अशा नव्हत्या. उरली एक गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक, सहा आठवडे.

डॉक्टर माझ्याहून लहान होता, शांतपणे बोलायचा. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही चालली तर पाय वाचेल. नाही चालली तर गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर पुढं जिवावर येईल."

बाबांना हे मीच सांगितलं. त्यांनी जिवाबद्दल काही विचारलं नाही.

"पाय गेला तं धुऱ्यावर कसा चालू मी?" म्हणाले.

धुरा वीतभर रुंद असतो. दोन्ही बाजूंना चिखल. कुबडी घेऊन धुऱ्यावर चालता येत नाही हे धान पिकवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. बाबा रोज पहाटे आपल्या सगळ्या बांध्यांना फेरी मारून आल्याशिवाय चहा पीत नसत. कुठं पाणी फुटलं, कुठं खेकड्यानं भोक पाडलं, हे त्यांना पायाच्या तळव्याला कळायचं. पाय गेला तर बाबा जिवंत राहतील, पण काय करत राहतील, हे मला दिसत नव्हतं.

बाबांना घरी आणलं आणि गोळ्या सुरू झाल्या. मायला मी बजावून सांगितलं, एकही चुकता कामा नये. तिनं मान हलवली. तीन आठवडे झाले तरी जखमेतून पाणी येणं थांबेना. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "चालायला हवी होती खरं तर." शेवटची गोळी, आणि तीही चालत नाही.

मग मी वेड्यासारखी माती गोळा करायला लागले.

यात अगदीच वेडेपणा होता असं नाही. आपली निम्म्याहून जास्त प्रतिजैविकं मातीतल्या जंतूंपासूनच मिळाली आहेत. मातीत लाखो जीव दाटीवाटीनं राहतात, आणि शेजाऱ्याला मारायला ते जी विषं बनवतात ती आपल्या बाटलीत आली की औषधं होतात. कुठल्या तरी मुठीत अजून कुणाला न सापडलेलं काहीतरी असेल, या आशेवर जगभर लोक माती चाळत असतात. पण नवं औषध सापडलं तरी ते माणसाच्या पोटात जायला दहा-पंधरा वर्षं लागतात. बाबांकडं तीन आठवडे होते. हे गणित मला येत होतं. तरी मी गेले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं मी काडी शोधायलाच निघाले होते. नुसतं बसून राहिले असते तर मी कुणाचा तरी गळा धरला असता.

बाबांचा पाय धुताना मी जखमेतलं पाणी कापसाच्या काडीवर घेतलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. असा जंतू पोरांच्या प्रयोगशाळेत वाढवणं नियमात बसत नाही. मी कुणाला विचारलं नाही. रविवारी आणि कॉलेज सुटल्यावर, दार लावून, वेगळी भांडी, वेगळा गाऊन, काम झालं की सगळं कुकरच्या वाफेत मारून टाकायचं. एखाद्या मुलीच्या हाताला तो लागला असता तर मी काय केलं असतं, हा विचार आता येतो. तेव्हा आला नाही.

पद्धत सोपी होती. अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतलेल्या काचेच्या बशीवर बाबांचा जंतू सगळीकडं फासायचा आणि वर मातीचे बारीक कण ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंची दुधाळ साय धरलेली असते. एखाद्या कणात त्याला मारणारं काही असेल तर त्या कणाभोवती साय धरत नाही, स्वच्छ कडं दिसतं.

बोडीचा गाळ आणला, गोठ्यातली माती आणली. एका रविवारी तुमसरमार्गे नाकाडोंगरीला गेले आणि जंगलातल्या मोहाखालचा कुजका पाला उकरला. तिथून चिखल्याला. तिथल्या खाणीत काम करणारा एक ओळखीचा माणूस, मागे त्याची मुलगी माझ्याकडं शिकायला होती, त्यानं खालून आणलेली काळी मँगनीजची माती मला जेवणाच्या डब्यात दिली. "याच्यात औषध रायते जी मॅडम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, राहू शकते. तो डब्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागला.

एकाही कणाभोवती कडं आलं नाही. सगळ्या बशा सारख्याच, काठापर्यंत साय. बाबांचा जंतू मातीच्या कणांवर चढून बसलेला. मला त्याचा राग यायचा, माणसाचा यावा तसा.

गोळ्या सुरू झाल्यापासूनच्या पाचव्या शनिवारी घरी बसले होते आणि मागच्या दारातून वारूळ दिसलं. आमच्या बाडीच्या, म्हणजे परसाच्या, कोपऱ्यात, बोरीच्या बुडाशी, कमरेएवढं. कधी कुणी नांगरलेलं नाही, खत नाही, फवारणी नाही. मुंग्या-वाळवीच्या घरात त्यांचे स्वतःचे जंतू असतात आणि ते बुरशीला दूर ठेवतात, हे मी वाचलं होतं. मी उठलेच.

"माय, वारुळाची थोडी माती पायजे मले."

माय दचकली. "कायले?"

"बाबाच्या पायासाठी. औषध शोधून राहिली मी."

तिनं पदराची गाठ मुठीत धरली. मग म्हणाली, "खोदू नोको. लोखंड तं लावूच नोको. तोंडाजवळची वरची घे चिमूटभर, बोटानं."

मला वाटलं, नागोबाचा मान. म्हटलं असू दे, वाद कशाला. मी वारुळाच्या तोंडाशी बसले आणि बोटांनी ओलसर माती खरवडून बाटलीत भरली. ती ओलसर का आहे, हे मी विचारलं नाही. चार दिवसांत पाऊस नव्हता.

सोमवारी संध्याकाळी बशी उघडली आणि मी स्टुलावर बसलेच. वारुळाच्या प्रत्येक कणाभोवती कडं होतं. मोठं, गोल, स्वच्छ. बाबांचा जंतू जणू त्या रेषेपाशी येऊन थांबला होता. मी एकटीच होते. तोंडावर रुमाल धरून रडले, मग हसले, मग पुन्हा बशी उजेडात धरून बघितली. सोळा वर्षं मी शिकवते आहे. एवढं सुंदर कडं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी त्या मातीतले जंतू वेगळे करून वाढवले. पांढरे, खडूसारखे, मातीचा वास असलेले. एकाच्याही भोवती कडं येईना. त्याच दिवसांत मी थोडी माती कुकरच्या वाफेत शिजवली, म्हणजे तिच्यातला जीव न जीव मारला, आणि तो मेलेला कण बशीवर ठेवला. कडं आलं. मेलेली माती जंतू मारत होती. शहाण्या माणसाला इथंच पाल चुकचुकायला हवी होती. शिवाय त्या कड्याची किनार अगदी रेखीव होती. वर्गात दाखवायला आम्ही औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतो, त्यांच्याभोवती येते तशी. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं ही बशी आणली असती तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, या मातीत काय सांडलं होतं गं? स्वतःला मी ते विचारलं नाही. मी म्हटलं, उष्णतेनं न मरणारं द्रव्य आहे, हे तर आणखी चांगलं.

फोनवर बाबांना सांगितलं, "बाबा, सापडलं बहुतेक. आपल्याच वारुळात."

मग बाबांनी फोन मायकडं दिला. माय नुसतंच "बरं," म्हणाली. मला वाटलं, दोघांचा विश्वासच बसला नसेल.

माती संपत आली होती. शुक्रवारी दुपारचे तास नव्हते, मी न कळवता बसनं गावाला गेले. दिवे लागायच्या सुमाराला मागच्या बाजूनंच बाडीत शिरले. माय वारुळापाशी पाठमोरी बसलेली होती. शेजारी लोटा. तिनं पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी मोडून बाहेर काढली, कपाळाला लावली आणि वारुळाच्या तोंडात बोटानं आत सारली. मग वरून हळूहळू पाणी ओतलं.

ती गोळी मी ओळखली. पांढरी, लांबट. हिच्यानंतर आमच्याकडं काही नव्हतं.

"माय."

ती वळली आणि उठलीच नाही. लोटा हातात तसाच.

"किती दिवसापासून?"

"पयल्या आठवड्यापासून," ती म्हणाली. "तुह्या बाबाले झेपत नाही वो. गोळी लय गरम पडते. तोंड आलं, अन्न जात नाही, ओकाऱ्या होऊन राहिल्या. सकाळची घेतेत. संध्याकाळची म्हणे मले देऊ नोको."

"मंग फेकली काहून नाही? इथं काहून?"

"फेकू कसी? औषध हाय ते. पंचमीले आमी मातीले लोखंड लावलं. म्हटलं, त्यायच्या नावाची अर्धी नागोबाले देवाव. तो राग सोडन."

"अन मले? मले काहून नाही सांगतलं?"

मायनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट होतं.

"तू बोलते न वो लय," ती म्हणाली.

मी तिथंच बोरीखाली बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी चिखल्यापर्यंत वळसा घातला होता. नवं औषध म्हणून ज्या मातीपुढं मी रडले होते, त्या मातीत बाबांचंच औषध होतं. जे त्यांच्या रक्तात असायला हवं होतं ते वारुळात होतं. पाच ठिकाणची माती मी बोटांनी चाळली, पण महिन्याभरात एकदाही बाबांच्या उशाशी बसून विचारलं नाही, गोळी घेतल्यावर कसं वाटतं? विचारलं असतं तर ओकारीची गोळी देता आली असती, डॉक्टरशी बोलता आलं असतं. मी फक्त विचारायची, घेतली ना? आणि तेही असं, की हो म्हणण्यावाचून इलाज नसायचा.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोळ्या सुरू केल्या, बरोबर ओकारीची. बाबांनी एकही चुकवली नाही. तोंड इतकं सोललेलं होतं की पेजसुद्धा थंड करून द्यावी लागायची. दहा दिवसांनी पाय आणखी काळा पडला. नागपूरला पुन्हा तपासणी झाली. नव्या कागदावर त्या गोळीपुढंही आर होता.

अर्ध्या औषधावर महिनाभर तगलेला जंतू ते औषध ओळखायला शिकतो, हे मी फळ्यावर खडूनं बाण काढून शिकवते. कदाचित तसं झालं असेल. कदाचित तो आधीपासूनच तसा असेल आणि पहिल्यांदा सापडला नसेल. डॉक्टर म्हणाला, नक्की सांगता येणार नाही. तो चांगला माणूस आहे.

मी मात्र बघितल्याशिवाय राहिले नाही. बाटलीच्या तळाशी वारुळाची दोन चिमटी माती उरली होती. पायाचं नवं पाणी बशीवर फासलं आणि मधोमध कण ठेवला. दुसऱ्या दिवशी साय कणापर्यंत आली होती. कड्याची खूणसुद्धा नव्हती. मी सगळ्या बशा, बाटल्या, डबा, सगळं वाफेत घातलं आणि प्रयोगशाळा फिनाईलनं धुतली. त्यानंतर मी माती गोळा केलेली नाही.

धान कापणीला आलं त्या आठवड्यात बाबांचा पाय गुडघ्याखालून काढला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, बोडीखालची बांधी कापली का? मी म्हटलं, कापली. कापली नव्हती अजून, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

आता ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसतात. तिथून एकच धुरा दिसतो. गड्याला ओरडून सांगतात, तिकडं पाणी फुटलं पाह्य, आणि गडी जाऊन बघतो तर बहुतेक वेळा फुटलेलं नसतं. माय वारुळाकडं जात नाही. यंदाच्या पंचमीलाही गेली नाही, लांबूनच हात जोडले.

मी अजून दर शनिवारी जाते. बाबांना साखरेच्या आणि रक्ताच्या गोळ्या चालू आहेत. चहा झाला की माय फळीवरून आठवड्याची रिकामी पाकिटं काढते आणि माझ्यासमोर सतरंजीवर मांडते. एकेक पाकीट उजेडाकडं धरून दाखवते. "पाह्य, सप्पा घेतल्या. एक बी नाही ठेवली." मी तिला कधी दाखव म्हटलेलं नाही. नको दाखवू, असं म्हणायचं ठरवून जाते, आणि तिचा चेहरा बघून ते वाक्य तसंच परत घेऊन येते.

मागच्या शनिवारी एका पाकिटात एक गोळी राहिली होती. माय घाबरली. तिनं लगबगीनं पाणी आणलं, गोळी माझ्यासमोर बाबांच्या हातावर ठेवली, त्यांनी गिळली. मग ती त्यांना म्हणाली, "तिले दाखवा जी."

बाबांनी माझ्याकडं न बघता तोंड उघडलं.